काईटसर्फिंग आणि हेल्मेट : घालायचं का? आणि घालायचं तर कुठलं?

शंकासुर
काईटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काईटच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकण्याचा खेळ) शिकत असेपर्यंत डोक्यावर हेल्मेट असतंच, कारण प्रशिक्षक त्याशिवाय पाण्यात उतरू देत नाही. दोन्ही दिशांना बोर्ड चालवता आला, वाऱ्यावर (म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध) चढता आलं, की ते हळूच बॅगेच्या तळाशी जातं. अनुभवी मंडळींत घालणारेही असतात, न घालणारेही, आणि दोघंही आपलंच खरं म्हणतात.

माझे प्रश्न तीन. एक, सपाट पाण्यावर, लीश (बोर्ड अंगाला बांधायची दोरी) न लावता, ट्विन टिपवर (दोन्ही टोकं सारखी असलेल्या बोर्डवर) साधी ये-जा आणि छोट्या उड्या मारणाऱ्याला हेल्मेटचा खरंच उपयोग आहे का? दोन, सायकलचं हेल्मेट घरात पडून आहे, ते चालेल का? तीन, पडल्यावर हेल्मेटमध्ये पाणी भरून मान ओढली जाते म्हणतात, त्यात तथ्य किती?

बोर्ड १३८ सेमी, कंबरेचा हार्नेस (काईटची ओढ अंगावर घेणारा पट्टा), फॉइल (बोर्डाखालचा खांब आणि त्याचे पंख) नाही. "घाला हो, जीव महत्त्वाचा" एवढंच सांगायचं असेल तर कृपया टंकायचे कष्ट घेऊ नका. कारणं हवीत.

उलटवारा
आधी डोक्याला नेमकं काय लागतं ते बघू, उत्तर त्यातच आहे.

बहुतेकांच्या डोक्यात पहिलं चित्र येतं ते उंचावरून पाण्यावर आपटण्याचं. प्रत्यक्षात सगळ्यात साधा आणि नेहमीचा गुन्हेगार म्हणजे स्वतःचाच बोर्ड. ट्विन टिप पट्ट्यांसकट साधारण तीन किलोच्या आसपास भरतो, कडा टणक, खाली चार फिन (उभी पाती). तुम्ही पडलात, पाय पट्ट्यांतून सुटले की काईट तुम्हाला वाऱ्याबरोबर पुढे ओढतो आणि बोर्ड मागे राहतो. सपाट पाण्यात तो मागेच राहतो. लाट असेल तर तीच त्याला उचलून तुमच्याकडे आणून सोडते, आणि तुम्ही तेव्हा वर काईटकडे बघत असता, बोर्डाकडे नाही. म्हणून बोर्ड परत आणताना त्याच्या थेट खाली, म्हणजे वाऱ्याच्या उताराला (वारा जातो त्या बाजूला) थांबायचं नाही. तिरकं बॉडी ड्रॅग (बोर्डाशिवाय, काईटच्या ओढीने पाण्यातून अंग सरकवणं) करत बाजूने जायचं.

लीश लावत नाही हे उत्तम. लीश लावणाऱ्यांसाठी मात्र हा विषय चर्चेचा उरत नाही. बोर्ड पाण्यात आडवा रुततो, काईट माणसाला ओढतच असतो, मधली दोरी रबरासारखी ताणली जाते, आणि बोर्ड सुटला की त्याच रेषेत परत येतो. त्या रेषेच्या दुसऱ्या टोकाला तुमची कंबर आणि त्यावर डोकं. गुंडाळीवाली लीश असली तरी सूत्र तेच. लीश लावायचीच असेल तर हेल्मेट हवंच, आणि त्याहून चांगलं म्हणजे बॉडी ड्रॅग शिकून लीश टाकून देणं.

दोरसांभाळ
उलटवारा यांच्याशी सहमत, पण त्यांनी पाण्यातूनच सुरुवात केली. माझ्या मते हेल्मेटची सगळ्यात जास्त गरज जमिनीवर आहे, आणि नेमकं तिथेच ते डोक्यावर नसतं. कुणी बारला (काईट वळवायच्या दांड्याला) लटकवलेलं, कुणी कोपरात अडकवलेलं, कुणी "आधी काईट वर जाऊ दे मग घालतो" म्हणणारं.

पाणी आपटलं तरी सरकतं. दगड, खांब, कुंपण, उभी होडी, पार्क केलेली गाडी सरकत नाही. लाँचिंग आणि लँडिंगच्या वेळी तुमच्या आणि या सगळ्याच्या मध्ये फक्त वीस-चोवीस मीटरच्या दोऱ्या असतात. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते : १५ नॉटचा वारा झोतात २२ झाला तर वेग दीडपटीच्या आत वाढतो, ओढ दुपटीच्या वर जाते. काईट तेव्हा डोक्यावर, बारा वाजताच्या जागी उभा असेल तर ती ओढ सरळ वर जाते आणि माणूस उचलला जातो. खाली येताना पाय आधी टेकतील याची हमी कुणी देत नाही.

म्हणून क्रम असा : काईट फुगवला, दोऱ्या जोडून तपासल्या, हेल्मेटचं बकल लावलं, आणि मगच चिकन लूप (बार हार्नेसला जोडणारी कडी) हार्नेसमध्ये. बाहेर येताना काईट दुसऱ्याच्या हातात गेला, लूप सुटला, मग बकल उघडायचं. काईट धरणाऱ्या मदतनीसालाही हेच लागू, कारण फुगलेल्या पुढच्या नळीचा फटका त्याच्याच कानशिलावर बसतो.

आणि लाँच झाल्या झाल्या काईट खाली, पाण्याच्या बाजूला घेऊन चालत निघा. वर ठेवून गप्पा मारू नका.

मोकळंडोकं
विरोधी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून.

१) हेल्मेटने ऐकू कमी येतं. मागून वाऱ्याच्या बाजूने येणारा काईटवाला ओरडतो ते वाऱ्याच्या घोंगावण्यात आधीच अर्धं हरवलेलं असतं, कानावर पट्टी आली की उरलेलंही गेलं.
२) पुढे कडा किंवा टोपीसारखी झाप असलेलं हेल्मेट पाण्यात बादलीसारखं भरतं. शंकासुरांचा तिसरा प्रश्न हवेतला नाही.
३) डोक्यावर काहीतरी आहे म्हटल्यावर माणूस एक माप मोठा काईट घेऊन उतरतो.
४) सपाट, खोल पाणी, किनाऱ्याला समांतर वारा, लीश नाही, गर्दी नाही, अशा दिवशी डोक्याला लागणार काय?

हेल्मेटवर पैसे घालण्याआधी क्विक रिलीज (काईटची ओढ झटक्यात तोडणारी कळ) दर वेळी ओढून बघा. लोक महागडं हेल्मेट घालून उतरतात आणि रिलीजच्या बाहीत वाळू अडकलेली असते.

उलटवारा
@मोकळंडोकं, शेवटच्या परिच्छेदाला +१००. ढकलून सुटणाऱ्या रिलीजची बाही आणि खालचा दांडा यांच्या फटीत वाळूचे दोन कण बसले तरी ती अर्ध्यात अटकते, आणि ती अटकते ताणाखाली, हातात धरून खेळताना नाही. म्हणून तपासताना लूप हार्नेसला अडकवून, मागे झुकून, अंगाचा भार देऊनच ढकलायची. सुटली की परत जोडायची, आणि हे हातमोजे घालत असाल तर हातमोज्यांसकट. रिलीजसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आलं, नवीन बार घेताना त्याचा उल्लेख बघा.

पण रिलीज ओढायलाही शुद्ध असावी लागते. डोक्याला फटका बसून दोन सेकंद भिरभिरलं तर ती दोन सेकंद काईट मोकाट. हेल्मेट आणि रिलीज हे एकमेकांचे पर्याय म्हणून मांडणं मला पटत नाही.

तुमचा मुद्दा तीन खरा आहे, पण तो हेल्मेटविरुद्ध नाही, माणसाविरुद्ध आहे :)

मापाडी
दुसऱ्या प्रश्नावर, आकड्यांसकट.

पाण्यातल्या हेल्मेटचं युरोपीय मानक ईएन १३८५. ते मुळात कयाक आणि खळाळत्या नदीतल्या खेळांसाठी लिहिलेलं, काईटसाठी नव्हे, पण काईटवाले तेच वापरतात. त्यात आघाताची चाचणी सेकंदाला २.५ मीटर वेगाने होते. म्हणजे जवळपास ३२ सेंटिमीटरवरून खाली सोडल्याइतकी. सायकलचं ईएन १०७८ सपाट ऐरणीवर ५.४२ मीटर वेगाने आपटतं, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून. दोन्हींत डोक्याच्या साच्याला बसणारा झटका गुरुत्वीय त्वरणाच्या २५० पटींच्या आत राहायला हवा.

हे वाचून "मग सायकलचंच भारी की" असं वाटेल. आघात शोषण्यापुरतं ते खरंच भारी आहे. तरी पाण्यात नको, कारणं अशी :

सायकलच्या हेल्मेटात बहुधा ईपीएस असतं, थर्मोकोलचाच भाऊबंद. ते चिरडून ऊर्जा शोषतं आणि चिरडलं की संपलं. सायकलवर आयुष्यात एकदा पडायचं हे गृहीत आहे. काईटवर एका दुपारी वीस वेळा पडणं होतं आणि त्यातल्या तीन-चार वेळा बार, बोर्ड किंवा पाणी डोक्याला लागतं. पाण्यातल्या हेल्मेटात ईव्हीए किंवा ईपीपी असतं, जे दबून परत फुगतं. ओळखायचं कसं? आतल्या फोमवर अंगठ्याचं नख दाबा. खळी तशीच राहिली तर ईपीएस, हळूहळू भरून आली तर दुसरं.

शिवाय सायकलचं हेल्मेट कानशील आणि मानेच्या वरचा भाग उघडा ठेवतं, आणि बोर्ड नेमका बाजूने किंवा मागून येतो. त्याची मोठाली भोकं हवेसाठी आहेत. त्यांत फिन किंवा बोर्डाचा कोपरा सहज शिरतो, दोरीही अडकते. आतल्या गाद्या पाणी पितात आणि वजन वाढतं. ईएन १३८५ मध्ये हेल्मेट पाण्यावर तरंगायला हवं अशी अट आहे, सायकलवाल्यांना ती नाही.

गिर्यारोहणाचंही नको, ते मुख्यतः वरून पडणाऱ्या दगडासाठी असतं. बर्फातल्या स्कीचं ईएन १०७७ आघाताला कणखर, पण आतलं अस्तर ऊबेसाठी असतं आणि स्पंजासारखं भिजतं.

शंकासुर
म्हणजे ३२ सेंटिमीटर?? एवढ्या चाचणीवर विसंबून उड्या मारायच्या? पाच मीटरवरून पडलो तर?

मापाडी
पाच मीटरवरून मोकळं पडलात तर पाण्याला लागताना वेग सेकंदाला जवळपास १० मीटर, तासाला ३५ किमी. काईट हवेत आधार देत असेल तर वेग कमी भरतो; काईट-लूप (हवेत काईट गोल फिरवणं) चुकून दोऱ्या ढिल्या पडल्या तर हाच भरतो. तेवढ्यासाठी हे हेल्मेट बनलेलं नाही. ते बोर्डाचा ठोसा, बारचा फटका, उथळ तळ, फिनची धार यांच्यासाठी. उंच उड्यांना जायचं असेल तेव्हा यापेक्षा जाड, कडक परीक्षेतून गेलेलं आणि तरीही पाण्यासाठीच बनवलेलं हेल्मेट शोधा, आणि सोबत इम्पॅक्ट व्हेस्ट (धडाला फटक्यापासून वाचवणारं जाकीट).

एक लक्षात घ्या, मेंदूला हादरा फक्त सरळ फटक्याने बसत नाही. डोकं झटक्यात गर्रकन फिरलं की कवटीच्या आत मेंदू मागे राहतो. बोर्डाची कड पाण्यात अडकून माणूस तोंडघशी आपटतो तेव्हा हेच होतं. साधं हेल्मेट ते पूर्ण थांबवू शकत नाही. कवच आणि डोकं यांच्यात सरकता थर असलेली हेल्मेटं याच फिरकीचा थोडा भाग खातात.

कानसेन
बादलीच्या मुद्द्यावर कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून.

पाणी भरतं ते हेल्मेट मोठं असल्यामुळे, हेल्मेट असल्यामुळे नाही. कपाळ आणि पुढची कड यांच्यात करंगळी सहज जात असेल तर वेगात पडताना तिथून पाणी शिरतं, मागे कवचाला अडतं आणि पट्ट्यातून हनुवटी वर ओढली जाते. यावर उपाय तीन : मापात बसणारं, कवच डोक्याला लगटून असणारं, आणि पाणी निघून जायला वर-मागे भोकं असणारं. टणक झाप असलेलं घेऊच नका. उन्हासाठी हवीच असेल तर मऊ, वाकणारी, ओढल्यावर सुटणारी.

घरी आणल्यावर थेट काईटला नेऊ नका. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पट्टा लावा, वाका आणि डोकं कपाळाच्या बाजूने झटक्यात पाण्यात घाला. पाच-सहा वेळा. मग कानशिलाच्या बाजूने. हनुवटीला झटका जाणवला तर ते हेल्मेट परत.

आता कान. बाजूने पाण्यावर आपटलं की कानाच्या नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. त्यानंतर थंड पाणी मधल्या कानात गेलं की जबरदस्त चक्कर येते आणि पृष्ठभाग कुठल्या बाजूला हेच कळेनासं होतं. ही भीती डोक्याच्या जखमेपेक्षा कमी नाही, काईट जोडलेला असताना तर नाहीच. कानपट्टी यासाठी. ती मात्र भोकांची किंवा जाळीदार हवी : पाण्याची चपराक अडते, आवाज आत येतो, आत शिरलेलं पाणी निथळतं. पूर्ण बंद, मऊ पट्टी घेतली की मोकळंडोकं म्हणतात ते बहिरेपण येतं. म्हणून मान वळवून वाऱ्याच्या दोन्ही बाजू बघायची सवय हेल्मेट असो-नसो ठेवा. दिशा बदलण्याआधी आणि उडी मारण्याआधी तर हटकून.

पंखवाला
फॉइलचा विषय अजून निघाला नाही, म्हणून थोडक्यात. फॉइलवर ही चर्चाच नाही. खाली ७५ ते ९५ सेमीचा खांब, त्याला पुढचा-मागचा पंख, आणि पंखांच्या कडा कार्बनच्या. पडल्यावर बोर्ड आडवा होतो आणि पंख पाण्याच्या वर, डोक्याच्या उंचीला येतो. पॅरिस २०२४ ऑलिंपिकच्या काईट शर्यती मार्सेयला झाल्या, तिथे जगातले सगळ्यात सराईत लोक होते आणि डोक्यावर हेल्मेट होती.

पडताना बोर्ड पायाने दूर लोटायचा, स्वतः वाऱ्याच्या उताराला पडायचं, डोकं पुढे घालून सूर मारायचा नाही. वर येताना आधी एक हात डोक्यावर, मग डोकं. पहिल्या काही तासांत आखूड खांब वापरला तर पडण्याची उंचीही कमी होते. १३८ च्या ट्विन टिपवरून फॉइलकडे जाणार असाल तर हेल्मेट आजच घ्या, दोनदा खर्च नको.

शंकासुर
घेतो म्हणायची वेळ आली तर! माप कसं काढायचं? आणि कवचावर कॅमेरा लावला तर चालतं का?

मोकळंडोकं
कॅमेरा नको. इथे मी हेल्मेटवाल्यांच्या बाजूने :) उभा कॅमेरा म्हणजे दोरीला हुक. ढिली दोरी त्याच्यामागे गेली आणि काईटने परत ओढ घेतली की ताण थेट मानेवर. फटका कॅमेऱ्यावर बसला तर तोच कवचाच्या एका टिकलीएवढ्या जागी दाबला जातो. स्टँड बसवायला भोक पाडणारेही आहेत, त्यांना काय बोलावं. चित्रण हवंच असेल तर दातात धरायचा किंवा दोऱ्यांना लावायचा स्टँड घ्या.

दोरसांभाळ
माप : भुवयांच्या वर एक-दोन सेंटिमीटर, मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून टेप. तीन वेळा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. दोन मापांच्या सीमेवर असाल तर लहान आधी घालून बघा.

घातल्यावर कड आडवी, भुवयांच्या वर दोन बोटं. कपाळ उघडं टाकून मागे कललेलं हेल्मेट म्हणजे शोभेचं. पट्टा न लावता मान "नाही नाही" अशी हलवा : कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. कातडी जागीच आणि हेल्मेट फिरतंय, तर मोठं आहे. मग पट्टा : बाजूचे दोन पट्टे कानाच्या पाळीखाली इंग्रजी व्हीसारखे मिळावेत, हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं, आणि मोठी जांभई दिली की हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटावं. शेवटी मागून, मानेकडून वर आणि पुढे ढकला. डोळ्यांवर घसरलं तर मागची चकती आवळा. तरी घसरलं तर ते तुमच्या डोक्याच्या घाटाचं नाही, दुसरी बनावट बघा. पंधरा मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच ठिकाणी दुखायला लागलं तर पाण्यात ते तासाभरात असह्य होतं.

पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबकळत ठेवू नका, खोचा. आणि हार्नेसच्या खिशात दोरी कापायचा आकडा-चाकू आहे ना?

नाडीपरीक्षा
डोक्याला लागल्यावर काय, हे या धाग्यात हवं. शुद्ध गेली नाही म्हणजे मेंदूला हादरा बसला नाही, हा गैरसमज आहे. डोकेदुखी, मळमळ, धूसर दिसणं, तोल जाणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, आज वार कोणता ते न सांगता येणं, यातलं एकही असेल तर त्या दिवशीचं काईटिंग संपलं. "पाच मिनिटं बसतो आणि परत जातो" नाही. लक्षणं काही तासांनीही उगवतात, म्हणून त्या रात्री एकटं राहू नये, स्वतः गाडी चालवू नये. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, झापड, एक बाहुली मोठी, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून पातळ स्राव : थेट रुग्णालय. मान दुखत असेल तर मान हलवू न देता, आणि हेल्मेट उपटून न काढता.

पाण्यात कुणी निपचित दिसला तर आधी काईटची ओढ संपवा, त्याचा रिलीज दाबा, मग तोंड वर करा. इम्पॅक्ट व्हेस्ट माणसाला आपोआप उताणा करत नाही, हेल्मेट तर नाहीच.

मापाडी
देखभालीचं राहिलं. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. बंद गाडीत, काचेमागे ठेवू नका, फोम चिकटवणारा गोंद सुटतो. थिनर, स्प्रे पेंट वगैरे कवचापासून लांब. कवचाच्या एबीएस प्लास्टिकला बारीक तडे जातात. चुंबकी बकल असेल तर वाळूतले लोखंडी कण तिथे दाढीसारखे चिकटतात, ओल्या फडक्याने पुसा.

वर्षातून एकदा पट्टा जिथे रिव्हेटने बसवलाय तिथे भिंगातून बघा. भोवती तपकिरी कडं दिसलं तर रिव्हेट गंजतोय आणि कवच तिथूनच चिरतं. पट्टा ओढून बघा, रिव्हेट हलला तर हेल्मेट निकालात. फोम बरा दिसत असला तरी जोरदार फटक्यानंतर बदला, आणि उत्पादकाने सांगितलेली मुदत (आतल्या स्टिकरवर बनवल्याचा महिना असतो) पाळा. वापरलेलं विकत घेऊ नका, त्याने काय काय खाल्लंय ते बाहेरून कळत नाही.

शंकासुर
सगळ्यांचे आभार. सायकलचं परत माळ्यावर. शेवटचं एक : थंडीत निओप्रीनची टोपी आत घालतो, मग माप टोपीसकट काढायचं की टोपीशिवाय?

दोरसांभाळ
टोपीशिवाय काढून हेल्मेट घ्या, आत बदलायच्या गाद्या असलेलं. टोपी घालायच्या दिवशी जाड गाद्या काढून पातळ लावा. टोपी २ मिमीपेक्षा जाड असेल तर मात्र दोन्ही घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि टोपीची शिवण कपाळावर नको, हेल्मेट त्यावर दाबतं.